गुलाबाची झोपडी

बुलढाण्याच्या कचेरीत मी कारकून होतो, तेव्हा वाटेवर एका म्हाताऱ्या माळ्याची गुलाबांची बाग लागे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यानं विलायतेहून गुलाबाचं एक रोप मागवलं होतं. मुंबई बंदरावर कायद्याप्रमाणे कीड मारायच्या औषधाची धुरी देऊनच ते सोडलेलं. तरी या बाबानं ते बागेत लावलं नाही. पार पलीकडे माळावर त्याच्यासाठी वेगळी झोपडी घातली. रोपाला पाणी घालून बाहेर आला की हातपाय धुवायचा, खुरपं धुवायचा, धोतर झटकायचा, मगच बागेत पाऊल. लोक हसत. मीही एकदा छेडलं, "सरकारनं धुरी दिली ना? मग काऊन एवढं?"

"सरकारनं त्याचं बंदर सांभाळलं, बाबूजी. माह्या बागेचं बंदर ही झोपडी. पिलेगात आम्ही गाव सोडून वावरात असेच राह्यलो, म्हणून जित्ते हावो."

त्याच सुमारास एका बंगल्यात असंच विलायती रोप थेट वाफ्यात लागलं, आणि तिथले सगळे गुलाब किडीनं गेले.

थंडीत म्हाताऱ्याच्या रोपाला स्वच्छ, तांबूस पालवी फुटली. पुढे डफडं लावून, रोप डोक्यावर घेऊन तो भर रस्त्यानं बागेकडे निघाला. हसणारे सगळे मागं चालले. फाटकात त्याच्या म्हातारीनं गुलाबावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मला राहवेना. पानाला बोट लावायला वाकलो, तोच तो गरजला, "आंदी हात धुवा!"

मी मुकाट्यानं धुतले. वळून पाहतो तर माझ्यामागं अख्खा रस्ता बाह्या सारून रांगेत उभा.