दगडूमिस्त्रींची तांबडी चिंधी

जिंतूरच्या रस्त्यावर पूर्वी एखाद्या मोटारीच्या स्टिअरिंगला तांबड्या चिंधीची गाठ दिसली, की ओळखावे, ही गाडी दगडूमिस्त्रींच्या हाताखालून गेली आहे आणि तिच्यातले काहीतरी काम अजून पुरे व्हायचे आहे. नव्या माणसाला वाटे, दृष्ट लागू नये म्हणून बांधली असेल. मिस्त्री ती समजूत खोडून काढीत नसत. पण पहिली चिंधी बांधली गेली त्या दिवशी मी तिथे होतो.

मिस्त्री आमच्यासारख्याच मेंढरे राखणाऱ्या घरातले. तरुणपणी हैदराबादला जाऊन एका जहागीरदाराच्या मोटारखान्यात काम शिकले. पोलीस अ‍ॅक्शननंतर मोटारखाना मोडला, तेव्हा पेटीभर हत्यारे घेऊन ते जिंतूरला आले. चार-पाच वर्षांनी मी बी.ए. होऊन तिथल्या शाळेत लागलो. आमच्या घरात सही करणारा मी पहिला, म्हणून माझी ऐट जरा जास्तच होती. मिस्त्रींना अक्षरओळख नव्हती. कोणत्याही बिघाडाला ते आधी तळहात लावीत, मग कान लावीत; हत्यार सगळ्यांत शेवटी. “आधी हात, मंग पाना,” असे त्यांचे म्हणणे.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास थंडी फार पडली. माझी बहीण सरू तिथल्याच दवाखान्यात सातव्या महिन्यात बाळंत झाली. मुलगी ओंजळीत मावेल एवढी. डॉक्टर म्हणाले, हिला आजच परभणीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवे. पण वाटेत गारठली तर हाती लागणार नाही. दिवाळीनंतर डॉक्टरांनी एक जुनी विलायती मोटार घेतली होती. तिला हिटर होता, पण तो लावण्याची वेळ कधी आली नव्हती. त्या सकाळी लावला, तर पंखा जोरात फिरे आणि वारा मात्र बाहेरच्यासारखाच गार. सरूला आणि बाळाला शेगडीपाशी ठेवून डॉक्टर आणि मी मोटार मिस्त्रींच्या दारात आणली.

हिटर जळाला असेल, नवा मागवावा लागेल, असे मी म्हणून गेलो. मिस्त्री बॉनेट उघडीत म्हणाले, “मास्तर, पोरगं नापास झालं की तुमी आधी त्याचा पेपर बघता, का नवं पोरगं मागवता?”

मग त्यांनी समजावले, की यात जळण्यासारखे काही नसते. इंजिनात तापलेले पाणी रबरी नळीतून आत जाते, पंखा त्याची ऊब आत फेकतो आणि पाणी दुसऱ्या नळीने परत येते. वारा येतोय, म्हणजे पंखा ठीक. रेडिएटर काठोकाठ भरलेला. हिटरची तोटी उघडी. इंजिन चांगले तापू दिल्यावर त्यांनी आत जाणाऱ्या नळीवरून सावकाश हात फिरवला. वीतभर गेल्यावर हात थांबला.

“हितवर ऊन. हितून पुढं गार. खराबी हितंच हाय.”

इंजिन बंद करून, हाताला ओले फडके गुंडाळून त्यांनी नळी सोडली. पाणी उसळले. नळीच्या तोटीकडच्या तोंडात बाभळीची खुंटी ठोकलेली होती, चिंधी गुंडाळून पक्की केलेली. मिस्त्रींनी ती उपसली आणि पाहतच राहिले. डॉक्टर पलीकडे घड्याळ बघत होते. मिस्त्रींनी खुंटी खिशात घातली. हे पाहिले फक्त मी.

क्षणभरच. खुंटी पुन्हा बाहेर काढून ते डॉक्टरांसमोर गेले आणि ती त्यांच्या हातावर ठेवली.

“डाक्टरसाहेब, ही माझीच गलती हाय. दोन उन्हाळ्यांमागं पहिल्या मालकाचा डायव्हर म्हणला, पाय भाजायलेत, तोटी गळायलीय. मीच ठोकली. पावसाळ्यात काढीन म्हणलो आन् इसरलो.”

डॉक्टरांनी खुंटी परत दिली आणि विचारले, किती वेळ लागेल.

“नळी बसवायला लागंल तेवढाच.”

नळी बसली. पाणी भरले. आत कोंडलेली हवा निघाल्याशिवाय पाणी फिरणार नाही, म्हणून परतीची नळी किंचित सैल करून त्यांनी इंजिन चालू केले. नळी फुसफुसली, थुंकली, मग पाण्याची सलग धार आली. तशी ती आवळली. थोड्याच वेळात पंख्याचा वारा उबदार झाला. तोटी अजून थेंबथेंब गळत होती. तिला तार आवळून ते म्हणाले, परभणीपर्यंत चालेल, पण नवी बसवावीच लागेल. मग खुंटीवरची चिंधी सोडून त्यांनी स्टिअरिंगला बांधली. चिंधी मूळची तांबडीच होती.

“आता म्या इसरलो तरी ही इसरू देणार न्हाई.”

दवाखान्यापाशी मोटार परत आणली, तेव्हा सरूने बाळाला घोंगडीत गुंडाळून कुशीत घेतले. मिस्त्री न विचारता पुढे बसले आणि परभणी येईपर्यंत त्यांचा तळहात त्या वाऱ्यावरून हलला नाही. पोर जगली. तिचे नाव आम्ही उषा ठेवले.

मिस्त्री गेले तेव्हा उषा दोन लेकरांची आई होती. तिला घेऊन मी त्यांच्या घरी भेटायला गेलो, तर गॅरेजात एक जीप उभी होती आणि तिच्या स्टिअरिंगला तांबडी चिंधी होती. मिस्त्रींचा मुलगा म्हणाला, बाबांचे शेवटचे काम. ब्रेकच्या एका सांध्याला तात्पुरती तार बांधली होती. चिंधी नसती तर आपण गाडी तशीच देऊन टाकली असती, असे तो म्हणाला.

त्याने आमच्यादेखत तार काढून नवा सांधा बसवला. मग उषा पुढे झाली आणि तिने ती गाठ सोडली.