दिलदारची करंगळी

शाहू महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यांतल्या एकीच्या पोटात दिलदार शिकलगार रोज सकाळी करंगळी घालायचा. बाप-आजा बग्ग्यांची चाकं राखत आले. याच्या वाट्याला हंबीररावांची, पन्हाळ्याला उतारू नेणारी मोटार आली. इंजिन थंड असतानाच तो पायाखालची फळी उचली, गिअरच्या पेटीचं बूच फिरवी आणि करंगळी आत सोडी. पहिल्या पेरापर्यंत तेल लागलंच पाहिजे. मग ते चोळायचं, हुंगायचं. करपल्याचा वास नको, लोखंडाची कच नको. लोक हसायचे. हसोत बापडे!

पुतणीच्या लग्नासाठी तो चार दिवस उचगावला गेला. परत येऊन पाहतो तर पेटीत काळा, खरखरीत चिखल! बैलगाडीच्या आसाला लावतात ते वंगण, एरंडेलात कालवलेली, वाळल्या गवताच्या काडाची राख. दिलदारच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मालक, ह्ये कुणी घातलं?"

"म्या!" हंबीरराव फेटा सावरत म्हणाले. "पेटी किरकिर करीत हुती. आता हाय का आवाज? तुला वर्षात जमलं न्हाय, त्ये म्या चार दिसांत केलं."

किरकिर! अहो, चार दिवस कुणी तेल बघितलं नव्हतं, ती पेटी तेल मागत होती. मागणाऱ्याच्या तोंडात राख कोंबल्यावर आवाज बंद होणारच की! मोटारीत तर सहा उतारू बसलेले.

"पावणं, उतरा खाली!" दिलदार ओरडला. "चढावर पेटीतल्या चाकाचा दात तुटला तर मोटार मागं येती. समदी दरीत जाशीला."

"माझं गिऱ्हाईक उतरीवतोस? आजपास्नं तुझं काम बंद!"

घरी बायको सुगरा होती, तीन लेकरं होती. तरी दिलदार हटला नाही. बरबटलेली करंगळी त्यानं पुढे बसलेल्या धोंडुबाईसमोर धरली. तिचा जन्म बैलगाडीत गेलेला. तिनं चोळून पाहिलं.

"अगं बया, राख हाय की ह्यात!" म्हणत ती गाठोडं घेऊन उतरली. मागोमाग बाकीचेही उतरले.

हंबीरराव रिकामीच मोटार घेऊन निघाले. घाटात पेटी कडाडली, मोटार मागं घसरून कठड्याला टेकली. मालक वाचले, आणि वाचल्या तोंडानं गावभर सांगत सुटले, की दिलदारनं चार दिवस तेल बघितलं नाही म्हणून मोटार मेली! लाज कशी वाटली नाही या माणसाला?

पण दुरुस्तीला दुसरं कोण होतं? महिन्याभरानं बोलावणं आलं. दिलदारनं पेटीत नवं दातेरी चाक बसवलं, रॉकेलनं पेटी तीनदा धुतली, विलायती तेल भरलं. उतारू जमले होते. धोंडुबाई गाठोडं घेऊन खालीच उभी होती. दिलदार बूच हातात धरून थांबला.

"मालक, करंगळी घाला."

"माझी?"

"व्हय, तुमची. आजपास्नं रोज. न्हायतर दुसरा माणूस बघा."

हंबीररावांनी इकडं-तिकडं पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. शेवटी ते वाकले.

"लागलं?"

"लागलं."

"चोळा. आता हुंगा."

मालकांनी हुंगलं. मगच धोंडुबाई मोटारीत चढली.