अंगावरची जोखीम

रंभाचं नाव रंभा ठेवणाऱ्या तिच्या आजीनं पुढचं काही पाहिलं नाही, हे बरंच झालं. भिलाईच्या मरोदा वस्तीतल्या बायांना मात्र त्या नावानं आयती करमणूक झाली. "आली बाप्पा इंद्राच्या दरबारातली," असं कोणीतरी भाजीच्या ठेल्यापाशी म्हणायचं आणि सगळ्यांत आधी रंभाच हसायची. जाड माणसानं आधी हसून मोकळं व्हावं लागतं. ह्या बायांपैकी निम्म्यांना आपापल्या पायऱ्या चढताना धाप लागते, पण ते असो. आपलं झाकून दुसऱ्याचं वाकून पाहणं काही एकट्या मरोद्यातच चालत नाही.

तिरोड्याकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन ती भिलाईला आली तेव्हा काडीसारखी होती. नवरा हिरालाल तिथल्या स्टील प्लांटात, रोलिंग मिलमध्ये. मग दोन बाळंतपणं झाली, त्यातलं एकच मूल हाती लागलं. मग थायरॉइड आला. मग डब्यांचं काम सुरू झालं. ठेकेदाराकडची एकटी राहणारी पोरं तिच्या हातचं खाऊन शिफ्टला जायची. डबे भरून झाल्यावर उरलेला भात टाकायचा कसा? तिच्या माहेरी अन्न टाकणं पाप होतं. अंगावर चढवणं पाप आहे असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून ती खायची.

तरी तिचं कुठं काही अडलं नाही. गुडघे दुखायचे, रात्री घोरण्यानं हिरालाल उठून बाहेरच्या खोलीत जायचा, एवढंच. वजन ही तिची खासगी बाब होती. गोलूच्या किडन्या गेल्या आणि मग ती खासगी राहिली नाही.

गोलू तिचा एकुलता एक मुलगा. डिप्लोमा करून नुकताच नोकरीला लागला होता. आधी पाय सुजले, मग डोळ्यांखाली सूज आली. तपासण्या झाल्या आणि दुर्गच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पंचविशीचा पोरगा खुर्चीत हात लांब करून पडायचा, मशीन त्याचं रक्त धुऊन त्याला परत द्यायचं, आणि घरी येऊन तो असा झोपायचा की रंभा त्याच्या नाकाशी बोट धरून पाहायची. मध्ये दोनदा छातीत पाणी भरलं. दुसऱ्या वेळी तर त्याला व्हेंटिलेटरवरून परत आणलं. 

हिरालालला जुनी शुगर, त्यामुळे त्याची किडनी चालणार नव्हती. रंभाची जुळली. रक्त जुळलं, बाकीचं जे काय जुळायला लागतं ते सगळं जुळलं. त्या दिवशी ती हॉस्पिटलच्या जिन्यात बसून आनंदानं रडली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या ह्या देहात असं काहीतरी सापडलं होतं जे कोणाला तरी हवं होतं. मग त्यांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं.

डॉक्टरीणबाई वाईट नव्हत्या, पण बोलायच्या स्पष्ट. एवढ्या वजनाच्या बाईची किडनी आम्ही काढत नाही, म्हणाल्या. ऑपरेशनमध्ये तुमच्या जिवाला धोका, आणि पुढं एकाच किडनीवर सगळा भार. आधी वजन उतरवा.

रंभानं भात सोडला, पोळी सोडली, चहा सोडला. दुसऱ्यांचे डबे भरताना उपाशी पोटी तव्यासमोर चक्कर येऊन पडली आणि कोपर भाजून घेतलं. काटा हलला तो नावापुरता. मग पोट लहान करायच्या ऑपरेशनसाठी ती रायपूरला गेली. तिथल्या सर्जननं तिची झोप तपासली आणि सांगितलं की झोपेत तुमचा श्वास अडकतो, अशी भूल देता येणार नाही. आधी काही महिने रात्री मशीन लावा, थोडं वजन उतरवा, हृदयाची तपासणी करा, मग ऑपरेशन, आणि त्यानंतर... त्यानंतरचं रंभानं ऐकलंच नाही. 'काही महिने' ह्या शब्दांशीच तिचे कान बंद झाले. नागपूरच्या डॉक्टरनंही तेच सांगितलं, फक्त मराठीत.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. रंभाला जी काडी सापडली तिचं नाव रीना. ही दुर्गजवळच्या बोरसीत राहायची आणि लोकांना ऑपरेशनसाठी परदेशात पाठवायची व्यवस्था करायची. तुर्कस्तानातलं एक हॉस्पिटल होतं. रीनाच्या बोलण्यात मध होता. "दीदी, वहाँ ये सब झंझट नहीं है. आज पहुँचो, कल जाँच, परसों ऑपरेशन. हफ्ते भर में घर." श्वासाचं विचारलं तर म्हणाली, "वो सब उनकी मशीन सँभाल लेती है." काय संभाळते, कशी संभाळते, हे ना तिनं सांगितलं ना रंभानं विचारलं. तहानलेला माणूस पाणी गाळून पीत नाही.

पासपोर्ट निघाला. घरात बोलणं बंद झालं. हिरालालनं तोंडात मिठाची गुळणी धरली होती. जा म्हणावं तर बायको जाते, नको म्हणावं तर पोरगा. तो बिचारा काय बोलणार? बोलायचा तो एकटा गोलू, आणि त्याचं एकच. "मम्मी, नको जाऊ. मत जा. माह्यासाठी नको."

"तुयासाठी नाही त कोणासाठी रे?" रंभा म्हणायची आणि पोळी जोरात लाटायची.

पण पोळ्या लाटताना तिच्या मनात दुसरंच चाललेलं असायचं. आपण गेलो नाही तर गोलूचं काय होईल हे ती दोनदा डोळ्यांनी पाहून बसली होती. गेलो आणि काही झालं तर? अनोळखी देश, अनोळखी भाषा, दुखलं तर 'दुखतं' हे सांगायचं कोणाला? ती भीत होती. पोट कापून घ्यायला भीत होती, विमानाला भीत होती, आणि आपण भितो ह्याची तिला लाज वाटत होती. आईनं भिऊन कसं चालेल, असं ती स्वतःला म्हणायची आणि पुन्हा भ्यायची.

जाण्याच्या दोन दिवस आधी रीनाचा आवाजी मेसेज आला. "दीदी, एक बात और. कागज़ पर लिखा रहेगा कि जोखिम मरीज की अपनी है, अस्पताल जिम्मेदार नहीं. बस वहाँ साइन कर देना."

रंभाला हे एकदम पटलं. हॉस्पिटल कशाला जबाबदारी घेईल? तिच्या घरात जोखीम म्हणजे सोनंनाणं. माहेरी लग्नाला निघताना दुर्ग स्टेशनच्या गर्दीत हिरालाल दरवेळी तिच्या कानाशी पुटपुटायचा, "जोखीम सांभाळ वं." तिनं मंगळसूत्र उतरवलं, बांगड्या उतरवल्या, कानातलं काढलं, सगळं रुमालात बांधलं आणि शेजारच्या भीमाबाईकडे नेऊन दिलं. भीमाबाईचा नवरा हिरालालबरोबर प्लांटात होता, तो वारल्यावरही दोन घरांचं येणंजाणं राहिलं होतं. "काकू, हे तुमच्या कपाटात ठेवजा," रंभा म्हणाली. "तिकडं जोखीम नेत नाही मी. ज्याची त्यानं सांभाळाची म्हणते."

दुपारी हिरालाल शिफ्टवरून आला. बायकोचा मोकळा गळा पाहून तो दारातच थांबला.

"हे काय केलं वं?"

"ते रीना सांगून राहिली ना. ऐका."

त्यानं मेसेज ऐकला. पुन्हा लावायला सांगितला. मग खाली बसला.

"अवं, हे सोन्याचं नाही बोलून राहिली ते," तो म्हणाला. "आमच्या प्लांटात जागोजागी लिहून हाय हा शब्द. हिंदीत जोखिम म्हंजे धोका. तू तिथं टेबलावर मेली त आमाले कोणी विचाराचं नाही, असं म्हणून राहिली ते बाई. आन् त्याच्यावर तुयी सही."

रंभानं मेसेज तिसऱ्यांदा लावला. एवढी वर्षं भिलाईत राहून, हिंदीत भाजी घेऊन, हिंदीत भांडून, हा शब्द मात्र तिनं माहेरच्याच अर्थानं ऐकला होता. तिला हसू आलं. आणि ते हसू अर्ध्यावरच मोडलं, कारण तिचा हात आपोआप कमरेच्या मागं गेला होता.

सोनं भीमाबाईच्या कपाटात ठेवता येतं. गोलूची किडनी कुठं ठेवायची? रंभा तिला 'माझी' म्हणतच नव्हती केव्हापासून. ती गोलूचीच होती, फक्त ठेवायला तिच्याकडे दिलेली. आणि ती घेऊनच रंभा विमानात चढणार होती, ती घेऊनच त्या टेबलावर झोपणार होती.

"मंग खरी जोखीम त मी संगच घेऊन जाऊन राहिली," ती म्हणाली.

"आन् तू? तू काहीच नाही काय?" हिरालाल ओरडला. इतक्या महिन्यांनी त्याचा आवाज चढला तो असा.

"माह्यं कोण विचारून राहिलं? मी मेली त मेली. पण पोराची किडनी घेऊन मेली त? मंग तो कोणाकडं पाहीन?" आणि रंभा जमिनीवर बसून छाती पिटत रडली. इतकी की बाहेर डबे न्यायला आलेली पोरं दारातूनच परत गेली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली. ओरडतील म्हणून आजवर परदेशाचं तिनं त्यांच्यापासून लपवलं होतं. आता सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की पोटातला टाका कधी कधी आठवड्यानं, दोन आठवड्यांनी सुटतो आणि पोटात गळती होते. तेव्हा तुम्ही मरोद्यात असाल आणि टाका घालणारा तिकडं. लांबच्या विमानात पायात रक्त गोठू शकतं. झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाला तयारीशिवाय भूल देणं म्हणजे उघड धोका. उलट्या झाल्या, अंगातलं पाणी आटलं, की पहिला मार किडनीलाच बसतो.

"आणि सगळं सुखरूप झालं तरी," त्या म्हणाल्या, "वजन एका जागी स्थिर होईपर्यंत आम्ही तुमची किडनी घेणार नाही. वर्षभर तरी."

"म्हंजे तिकडं जाऊन बी वर्ष?"

"हो. इथं नीट तयारी करून केलं तर त्याहून थोडं जास्त. रायपूरच्या डॉक्टरांनी हे सांगितलं असेल तुम्हाला."

सांगितलं होतं. 'त्यानंतर'च्या पुढचं ते हेच होतं. रंभाला टेबलावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. महिनोन्महिने तिनं ज्या आडवाटेवर जीव टांगून ठेवला होता, ती वाट फिरून त्याच रस्त्याला येऊन मिळत होती, तीही खड्ड्यांतून.

तिनं रीनाला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. रीनाचा मध क्षणात आटला. मग रंभा डायलिसिसच्या खोलीत गेली. गोलूला नुकतंच काट्यावर उभं करून खुर्चीत बसवलं होतं. त्यालाही दरवेळी जोखतात, अंगात किती पाणी साठलं ते पाहायला. हाडं दिसायला लागली होती त्याची, जे वाढायचं ते नुसतं पाणी. मशीन सुरू झालं. रंभा शेजारी स्टुलावर बसली, म्हणजे अर्धीमुर्धी टेकली.

"मी नाही जाऊन राहिली, बाबू," ती म्हणाली. "इथंच करतो सगळं. मशीन लावून झोपतो, डॉक्टर म्हणते तसं करतो."

"अच्छा हुआ," गोलू म्हणाला आणि त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

सुटला बिचारा, असं रंभाला वाटलं. आई वाचली म्हणून सुटला. मग तिला दिसलं की त्याचे खांदे हलताहेत. तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला.

"काय झालं रे?"

 तो भिंतीकडेच पाहत म्हणाला, "मम्मी, मुझे लगा था तू मानेगी नहीं. मी नको म्हणीन आन् तू तरी जाशीन." त्यानं चादर तोंडापर्यंत ओढली. "मी रोज नको म्हणत होतो. आन् मनात म्हणत होतो, जा. मुझे मरना नहीं है, मम्मी."

 रंभाला राग आला नाही. कसा येईल? पंचवीस वर्षांच्या पोरानं जगायला मागितलं, ह्यात रागवायचं काय? तिला फक्त एवढंच कळलं की घरात ती एकटीच भीत नव्हती, आणि ह्या पोरानं ते तिच्यापासून झाकून ठेवलं होतं. तिनं त्याचा मोकळा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तो थंड होता.

"एक वर्ष लागन," ती म्हणाली. "थोडं जास्तच. मी एक दिवस बी वाया नाही जाऊ देणार. तू थांबशीन ना माह्यासाठी?"

गोलूनं डोळे पुसले. मशीनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला.

तो खरं बोलला की तिच्यासाठी बोलला, हे रंभानं विचारलं नाही. तेवढी हिंमत तिच्यात उरली नव्हती.