शेजारच्या स्कूटरवरची नजर

कोथरूडच्या सिग्नलला एक गृहस्थ रोज सकाळी माझ्या शेजारी येऊन थांबायचे. स्कूटर जुनी, पण ठणठणीत. उन्हाळा असो की थंडी, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. माणसांच्या तोंडाकडे ते बघायचेच नाहीत, फक्त गाड्यांकडे बघायचे. दिवा लाल असेपर्यंत कुणाला "स्टँड", कुणाला "ओढणी", कुणाला "मागे हवा कमी आहे" असं सांगून मोकळे व्हायचे. आभार मानले तरी मान वळवायची नाही. हडपसरला आयटीत जाणाऱ्या आम्हा घाईतल्या लोकांना त्यांचा वैताग यायचा.

एकदा दिवा हिरवा झाला, तर त्यांनी स्कूटर माझ्या मोटरसायकलपुढे आडवीच घातली. मागून हॉर्न सुरू झाले.

"अहो, जाऊ द्या ना. गाडी मस्त पळतेय," मी म्हणालो.

"पळतेय ते दिसतंय. थांबणार कशी?"

मी वाकून पाहिलं. मागच्या ब्रेकच्या सळईचा नट कुठेतरी पडला होता आणि सळई नुसती लोंबत होती. मी हाताच्याच ब्रेकवर थांबत आलो होतो, म्हणून कळलं नव्हतं. पुढे पुलाचा उतार होता. गाडी ढकलत गॅरेजला नेली आणि कितीतरी दिवस टाळलेलं सर्व्हिसिंग करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या शेजारी थांबलो. त्यांनी माझी गाडी पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत पाहिली आणि एक शब्दही न बोलता पलीकडच्या गाडीकडे वळले.

तेवढ्यावर मी हडपसरपर्यंत निश्चिंत गेलो.