कुंकवाची जागा

लेक पहिल्या नोकरीसाठी पुण्याला गेली. रोज बघता यावं म्हणून आम्ही लॅपटॉप घेतला. ती मला दिसायची, पण मी काही तिला दिसेना. "आई, नुसतं लाल-काळं दिसून राहिलं," म्हणायची. मी इथल्या बड़ा फुहारा बाजारातल्या दुकानदाराला फोनवर चांगलंच झाडलं, "नवा कोरा लॅपटॉप आणि आंधळा?"

दुसऱ्या दिवशी दुकानातून एक मुलगी आली. काखेत हेल्मेट. ओढणीला हात पुसूनच तिने लॅपटॉप उघडला. स्क्रीनच्या वरच्या कडेवर बोट टेकवलं आणि थांबली. नव्या लॅपटॉपच्या पूजेच्या वेळी मी कुंकू नेमकं कॅमेऱ्यावर लावलं होतं!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र हसली नाही. "आंटीजी, टीका मिटाएंगे नहीं, बस जगह बदलेंगे," म्हणाली. मऊ फडक्याने कॅमेरा पुसला, माझ्याकडून करंडा मागून घेतला आणि लॅपटॉपच्या झाकणाच्या बाहेरच्या बाजूला ठसठशीत कुंकू लावलं. बोटावर उरलेलं स्वतःच्या कपाळाला.

"आई, दिसली तू!" पुण्याहून लेक ओरडली.

आता घरात कोणतीही नवी वस्तू आली, की कुंकू लावण्याआधी मी तिचे डोळे शोधते.