आमदाराच्या खांद्यावर लावलेला कौल

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बायांनो, नाहीतर चहा नाकातून येईल. ही फजिती माझी स्वतःची आहे आणि ती करून घ्यायला मला कोणाची मदत लागली नाही. माझं एक तोंड पुरलं!

माझं तोंड तुम्हाला माहीत आहेच. मी चौथी पास, पण बाजारात मॅट्रिकवाले माझ्यापुढे चळचळा कापायचे. कोणी बांगड्याचे कल्ले उघडून बघायला लागला की मी विचारायची, "काय रे, दात मोजतंस? सोयरिक करूची आसा?" भाव पाडून मागितला तर "शिरा पडो तुझ्या तोंडार" ही शिवी ठरलेली. माझ्या शेजारी फिलोमिना बसायची, आमची फिलूबाय. ती म्हणायची, "चंद्राबाय, तुझ्या मासळेक बरफ नको. तू नुसती बघलंस तरी ती गारठता."

तेव्हा आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. जिल्हा वेगळा झाला, पण बाजाराला छप्पर काही मिळालं नाही. बाजार म्हणजे काय, तर रस्त्याच्या बाजूला एक भेंडीचं झाड, तिकडच्या टोकाला विहीर, आणि तिथे आम्ही बारा जणी पाट्या घेऊन उघड्यावर. नऊ वाजेपर्यंत ठीक. दहाला ऊन असं चढायचं की बांगडा डोळे पांढरे करायचा. अकराला गिऱ्हाईक नाक धरून वळायचं. पहाटे होडीवरून ताजा फडफडीत घेतलेला मासा दुपारी माडाच्या मुळात पुरायचा, खत म्हणून! माड वाढले हो आमचे, आम्ही वाळलो.

ग्रामपंचायतीत गेलो तर म्हणाले, "हे आमच्या हातात नाही. वर सांगा."

"वर म्हणजे खंय?" मी विचारलं.

फिलूबायने आभाळाकडे बोट केलं. "आणि खंय? इतक्या वर फक्त एकच आसा."

अशात एकदा शाळेचे गुरुजी बाजारात आले. गुरुजी घाटावरचे, सरळ माणूस, मुडदुशी आणि पेडवे या माशांतला फरक त्यांना निवृत्त होईपर्यंत कळला नाही. मला म्हणाले, "बाई, येत्या गुरुवारी आमदारसाहेब रेस्ट हाउसवर येणार आहेत. तुमच्या धंद्याचं दुखणं तुम्ही नाही सांगायचं तर कोणी? सगळ्याजणी जा आणि साहेबांना गाऱ्हाणं घाला."

मी दचकले. आता घाटावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. पण आपल्याकडे? आपल्याकडे गाऱ्हाणं घालायचं ते देवाला! मानाच्या गावकराने नारळ आणि पानाचा विडा ठेवायचा, हात जोडून देवाला खड्या आवाजात सांगायचं आणि मागून सगळ्या गावाने ओरडायचं, "व्हय म्हाराजा!"

"गुरुजी, बायलांनी गाऱ्हाणां घातलां तर चलात?"

"न चालायला काय झालं? लोकशाही आहे!"

"आणि नारळ?"

"न्या की. मोठ्या माणसाकडे रिकाम्या हातानं जाऊ नये."

"मागसून सगळ्यांनी एकदम बोलूक होया मा?"

"वा! तेच तर महत्त्वाचं. एकमुखानं बोला. एकी दिसली पाहिजे."

सांगा, आता यात माझी काय चूक? मी सगळं विचारून घेतलं होतं!

तीन दिवस मी सराव केला. देवळात गाऱ्हाणं गावकराने घालायचं, आम्ही बायका मागे उभ्या राहून नुसत्या ऐकायच्या. पण चाळीस वर्षं ऐकलेलं विसरतं का माणूस? मी घरात वाटणाच्या पाट्यासमोर उभी राहून गाऱ्हाणं घालत होते. आमचे हे दोन वेळा मागून "व्हय म्हाराजा" म्हणाले, तिसऱ्या वेळी उठून समुद्रावर गेले.

फिलूबायचा वेगळाच पेच. "चंद्राबाय, माका 'व्हय म्हाराजा' म्हणूक चलात? पाद्री काय म्हणतलो?"

"अगो, ह्यो देव न्हय, आमदार. आमदाराक जात-धर्म नसता."

"निवडणुकीत असता," ती म्हणाली. पण आली.

गुरुवारी आम्ही बारा जणी नवी लुगडी नेसून रेस्ट हाउसवर. फिलूबाय तेवढी तिच्या रविवारच्या फुलाफुलांच्या झग्यात. आमदार व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते, पांढरे शुभ्र कपडे, डोक्यावर पंखा गरगरतोय. शेजारी त्यांचा सेक्रेटरी वही घेऊन. चष्मा एवढा जाड की आमच्याकडे बघताना त्याला आम्ही चोवीस दिसत असणार.

"बोला, काय समस्या?" सेक्रेटरी म्हणाला.

मी उत्तर दिलं नाही. देवळात कधी पुजाऱ्याला उत्तर देतात? मी सरळ पुढे गेले, आमदारांच्या पायाशी केळीचं पान मांडलं, वर विडा ठेवला, नारळ ठेवला, पदर खोचला आणि आवाज लावला.

"बा म्हाराजा! बारा गावांच्या, बारा वाड्यांच्या राखणदारा!"

मागून अकरा गळे, "व्हय म्हाराजा!"

आमदार खुर्चीतून वीतभर उडाले. बाहेर झोपलेला त्यांचा ड्रायव्हर धावत आत आला.

"आज ह्यो इडो तुझ्या म्होरां ठेवन तुझी लेकरां तुका गाऱ्हाणां घालतत..."

"व्हय म्हाराजा!"

"...आमचो बाजार उन्हात करपता, मासो नासता, गिऱ्हाईक पळता..."

"व्हय म्हाराजा!"

"...तर भेंडीपासून बावीपर्यंत मंगळुरी कौलांचा छप्पर घाल रे म्हाराजा! आणि तुझ्या विरोधात जो कोण उभो रवात, तेका आडवो कर!"

"व्हय म्हाराजा!"

इथे आमदार पहिल्यांदा हसले. सेक्रेटरी भराभर लिहून घेत होता.

आता नवस. गाऱ्हाण्यात नवस नको? देव काय फुकट राबतो? मी घरून ठरवून आले होते, छप्पर झालं तर एक तलंगा कोंबडा. तोंड उघडलं, "छप्पर झालां तर तुका एक कोंबो..." इतक्यात सेक्रेटरी म्हणाला, "साहेब माळकरी आहेत. मांस-मच्छी खात नाहीत."

कोंबडा गेला. पाटीत एक मोठी इसवण मासळी आणली होती, ती पण गेली. गाऱ्हाणं अर्धवट तोडलं तर अपशकुन. अकरा जणी 'व्हय' म्हणायला तोंड उघडून उभ्या. नवस बोलायचा तर आपल्याला सोडवत नाही असं काहीतरी बोलावं म्हणतात. मी शोधतेय, सापडत नाही. मागून फिलूबाय पुटपुटली, "तुझी जीभ दी."

तिने थट्टा केली हो! पण माझ्या तोंडातून निघून गेलं, "...छप्पर झालां तर मी वर्षभर बाजारात कोणावांगडा भांडूचंय नाय! कोणाक शिरा पडो म्हणूचंय नाय! तक्रारीचो एक शब्द तोंडातसून काढूचंय नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

तुम्हाला सांगते, आधीचे सगळे "व्हय म्हाराजा" एकीकडे आणि हा एकीकडे. छपरासाठी मेल्या इतक्या जोरात ओरडल्या नव्हत्या. फिलूबायने तर शेवटी "आमेन" पण लावून दिलं.

इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण आमदार उठून उभे राहिले, घसा साफ केला आणि शाळेतल्या पुस्तकासारखं बोलले, "भगिनींनो, मागच्या निवडणुकीत तुम्ही मला कौल दिलात..."

"एक कौल?" मागून कोणीतरी म्हणाली. "बाजाराक दोन हजार तरी लागतली."

"तो कौल नव्हे, जनतेचा कौल. जनता जो कौल देईल तो मला मान्य आहे."

झालं! देव स्वतःच्या तोंडाने म्हणतोय, कौल मान्य आहे. मग कौल लावायला नको? देवळात लावतात तसा? मी अंबाड्यातल्या वेणीतले दोन अबोलीचे कळे तोडले, टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात बुडवले आणि साहेबांच्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवला.

"उजवो पडलो तर छप्पर होतला. डावो पडलो तर होवचा नाय."

"अहो बाई, काय चाललंय हे!" सेक्रेटरी कळा उडवायला धावला.

"हात लावशीत तर बघ! कौल लावल्यार मधी बोलूचा नसता!"

आणि गंमत सांगू? आमदार हलेनात. ते आपल्याच तालुक्यातले. आईबरोबर लहानपणापासून कौलाला उभे राहिलेले. लावलेला कळा हाताने झटकायची त्यांची काय छाती? खांब झाले खांब! पंखा वर गरगरतोय, कळे थरथरताहेत. डावा जरा घसरला. आम्ही बारा जणी "आं..." करून पुढे झुकलो. साहेबांना घाम फुटला. मी बघतेय, ते हळूच उजवा खांदा खाली पाडताहेत.

"म्हाराजा, लबाडी नको," मी म्हटलं.

"लबाडी न्हय गो," साहेबांची पुस्तकी भाषा पार गळून पडली, "माका शिंक येता!"

"दाबून धर!"

"धरलंय... अगो, धरूक गावणा नाय... आं... आं... आंछीऽऽ!"

उजवा कळा उडाला तो थेट सेक्रेटरीच्या वहीवर. डावा जागच्या जागी!

"व्हय म्हाराजा!!!" रेस्ट हाउसची कौलं हलली. ड्रायव्हर पण ओरडला. मी तिथेच पायरीवर नारळ फोडला आणि अर्धी वाटी साहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती कपाळाला लावली.

संध्याकाळी गुरुजींना सांगितलं तर त्यांनी डोक्याला हात लावला. "बाई, मी निवेदन द्यायला सांगितलं होतं हो, साधा कागद!"

"कागद?" मी म्हटलं. "आजवर कागदान कोणाक शिंक इल्ली बघलास?"

आणि छप्पर झालं बरं का! पावसाळ्याच्या आत झालं. आमदारांना अर्ज हजार येतात, पण खांद्यावर कौल लावून घेतलेलं काम विसरायची भीती वाटली असेल. लाल मंगळुरी कौलं, सागाचे नव्हेत पण मजबूत वासे. उद्घाटनाला साहेब स्वतः आले, गळ्यात हार, हातात माईक. म्हणाले, "या भगिनींनी जसं सांगितलं, अगदी तसंच छप्पर केलं आहे. शब्दाला शब्द." सेक्रेटरीने वही उघडून वाचून दाखवलं, "भेंडीपासून विहिरीपर्यंत."

टाळ्या पडल्या. सगळ्याजणी आपापल्या जागेवर जाऊन बसल्या. मी पण माझी पाटी घेऊन माझ्या जागेवर बसले.

बसले आणि डोक्यावर चटका बसला.

वर बघितलं. वर आभाळ!

माझी जागा कुठे, विचारा ना! रस्त्यावरून येणाऱ्या गिऱ्हाइकाला पहिली माझीच पाटी दिसावी म्हणून सात वर्षं भांडून मिळवलेली, अख्ख्या बाजारात मोक्याची. भेंडीच्या अलीकडे, चार पावलांवर! छप्पर सुरू होत होतं भेंडीपासून, पलीकडे. फिलूबाय, जी माझ्याशी भांडणात हरून भेंडीच्या पलीकडे बसायला गेली होती, ती पहिल्या कौलाखाली सावलीत पाय पसरून बसलेली.

बाजाराला सगळे म्हणतात भेंडीपासून विहिरीपर्यंत. मी पण तेच म्हटलं. गाऱ्हाणं माझं, तोंड माझं, माप माझं. त्यात मी सोडून सगळ्या बसल्या!

मी ताडकन उठले. पदर खोचला. त्या सेक्रेटरीच्या सात पिढ्यांची यादी माझ्या ओठांवर आली होती. "शि..." एवढं बाहेर पडलं सुद्धा.

"चंद्राबाय," सावलीतून फिलूबाय गोड आवाजात म्हणाली, "नवस!"

अकरा जणी माझ्याकडे बघताहेत. अकराही सावलीत. एकीच्या तरी तोंडावर दया असेल? हसू दाबून दाबून लाल झालेल्या!

तेवढ्यात साहेबांचं लक्ष माझ्याकडे गेलं. ओळखलं त्यांनी मला. आपोआप त्यांचा हात उजव्या खांद्यावर गेला. माईकमधून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं विचारलं, "काय बाय, झालां मा मनासारखां? काय तक्रार नाय मा?"

वर ऊन. खाली पाटीत बांगडा, एव्हाना डोळे पांढरे करायला लागलेला. आणि पुढे तीनशे पासष्ट दिवस.

मी दोन्ही हात जोडले आणि म्हटलं,

"व्हय म्हाराजा!"