शेळीला विचारायचं नसतं

रागिणीचं लहानपण शेळ्यांमागं गेलं. शेळी सुस्त दिसली की तिची मान काखेत दाबायची आणि अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढायची. आत लाल असेल तर ठीक, पांढरट असेल तर जंताचं औषध. अक्षरं गिरवण्याआधीच तिला हे येत होतं.

त्यामुळे हिंगोलीत नर्सिंगला गेल्यावर रुग्णतपासणी तिला सोपी वाटली. कॉलेजातल्या सरावाच्या पुतळ्यावर तिनं ती झटपट केलीही. वॉर्डात पहिल्याच दिवशी तिनं जनकाबाई नावाच्या रुग्णाची हनुवटी धरली आणि पापणी खाली ओढली. जनकाबाईंनी हात झटकला.

"काय करून राहिली गं? डोळा काढती का?"

"रक्त कमी आहे, मॅडम," रागिणी म्हणाली. ते बरोबरच होतं.

"आहेच," शेजारी उभ्या असलेल्या तिच्या शिक्षिका संध्या मॅडम म्हणाल्या. "पण त्यांना विचारलंस? सोमवारी पुन्हा परीक्षा घेते. तेव्हाही असंच केलंस, तर वॉर्ड बंद. पुतळाच तपासत बस."

होस्टेलवर पोरींनी तिला 'बकरी डॉक्टर' म्हणायला सुरुवात केली.

शनिवारी ती जवळा बाजारच्या एसटीनं घरी आली. आईचे हात पिठात होते. सरावाला उरली आजी, चंद्रभागाबाई. ती ओसरीवर तूर निवडत होती.

"आजी, आ कर."

"काहून?"

"तपासायचंय."

"मंग तसं सांग की! मी काय दावणीची शेळी हाय?"

आजीनं तोंड मिटून घेतलं. रागिणीनं स्टेथोस्कोप पाठीला लावला, तशी ती किंचाळली, "गार हाय मेलं!"

"अगं, सोमवारी नापास झाले तर?"

"तेवढ्याच आजारी बाया वाचतील."

आतून आईचं हसू ऐकू आलं. रागिणीलाही हसू आवरेना. तिनं सूप बाजूला सारलं आणि आजीशेजारी टेकली. स्टेथोस्कोपचं तोंड तळहातात धरून गरम केलं.

"आजी, तुझी छाती ऐकायचीय. ऐकू का?"

आजीनं स्वतःच पदर सारला. "ऐक. अन् हेबी ऐक. माळावर चढताना दम लागून राहिला मला."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"इचारलं कोणी?"

रागिणीनं आधी छाती ऐकली. मग विचारून, सावकाश तिनं आजीची पापणीही पाहिली. फिकी होती. सोमवारी सकाळी वडील आजीला दवाखान्यात घेऊन गेले आणि रागिणी हिंगोलीच्या गाडीत बसली.

वॉर्डात मॅडमनी तिला मुद्दाम जनकाबाईंपुढेच उभं केलं. रागिणीनं पडदा ओढला, स्टूल घेऊन बसली.

"मावशी, मी रागिणी. त्या दिवशी न विचारता हात लावला, चुकलं माझं. आज डोळे पाहू का?"

जनकाबाईंनी आधी तिच्याकडे, मग मॅडमकडे पाहिलं. "आज माणसावानी बोलून राहिली पोरगी." त्यांनी स्वतःच बोटानं पापणी खाली केली. "बघ. अन् पायाला सूज बी हाय, ती कोणाला सांगितली न्हाई मी."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "झालं की पुढच्या पलंगावर जा."

रागिणीनं जनकाबाईंचे पाय पाहिले, पांघरूण नीट केलं आणि स्टेथोस्कोप तळहातात धरून पुढच्या पलंगाकडे निघाली.